अकराने भाग न जाणारी वाघीण

शेवट चांगला आहे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. जीव मुठीत धरून वाचायची कुणाला गरज नाही. ते काम आकडेताईने आपल्या सगळ्यांच्या वाटचं करून ठेवलंय, आणि तेही कुणाला ताकास तूर न लागू देता. तिला त्याबद्दल दोन शब्द सुनवावेसे वाटतात खरे, पण तिची गोष्ट ऐकली की राग टिकत नाही.

आकडेताई मालगाड्यांच्या यार्डात कामाला. गाडी यार्डात शिरते तेव्हा रांगत येते. रुळाच्या कडेला चार पायऱ्या चढून एक खोली आहे. त्या खोलीच्या खिडकीत उभं राहायचं, समोरून जाणाऱ्या प्रत्येक डब्याचा आठ आकडी नंबर पॅडवरच्या कागदावर उतरवायचा, आणि गाडी थांबली की तो कॉम्प्युटरमध्ये घालायचा, एवढं तिचं काम. डबा म्हणायची तिथे पद्धत नाही, मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात. नवीन ओळख झालेल्या माणसाला ताई सांगते, "मी वाघिणींच्या मागे असते दिवसभर," आणि त्याचा चेहरा बघून खूश होते.

आता या आठ आकडी नंबराची एक खोड आहे. ती कळली नाही तर पुढे घोडं अडेल, म्हणून जरा लक्ष द्या. शाळेत गणिताने कितीही छळलेलं असो, एवढं कुणालाही जमतं. प्रत्येक वाघिणीचा नंबर असा निवडलेला असतो की त्याला अकराने नि:शेष भाग जातो. भागाकार करत बसावं लागत नाही. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा असे अंक एका ढिगात घालायचे, उरलेले चार दुसऱ्या ढिगात. दोन्ही ढिगांची बेरीज सारखी आली, किंवा अकराच्या पटीतच फरक पडला, तर भाग जातो. उदाहरणार्थ 35279145. एका ढिगात तीन, दोन, नऊ, चार, म्हणजे अठरा. दुसऱ्यात पाच, सात, एक, पाच, म्हणजे तेही अठराच. झालं, नंबर खरा.

शेवटचा अंक मुद्दाम यासाठीच जोडतात. कधीकधी त्या जागी दहा हवे असतात, आणि दहा काही एका घरात मावत नाहीत. मग तो नंबर सोडूनच देतात, त्या नंबराची वाघीण जन्मालाच येत नाही. हा सगळा खटाटोप कशाला, तर वाचणाऱ्याची चूक पकडायला. एक अंक चुकला की एकच ढीग हलतो, आणि हलतो तो जास्तीत जास्त नवाने, म्हणजे अकराचा हिशेब मोडतोच. शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले तरी मोडतो. कॉम्प्युटर असा नंबर घेत नाही, लाल होऊन बसतो.

ताईला कॉम्प्युटर लाल झालेला बघायची सवयच नव्हती. वाघीण खिडकीसमोरून सरकेपर्यंत तिचे दोन्ही ढीग लावून झालेले असायचे, एक उजव्या हाताच्या बोटांवर, दुसरा डाव्या. पुढे ही खोड घरीदारी गेली. गॅसचा ग्राहक क्रमांक, शेजाऱ्यांच्या गाडीचा नंबर, दवाखान्याचा फोन, सगळ्याला अकराने भागून बघायचं. लग्न का केलं नाहीस असं कुणी खोदून खोदून विचारलं तर म्हणायची, "स्थळं चांगली होती हो, पण एकाच्याही फोन नंबराला अकराने भाग जाईना." विचारणारा पुन्हा त्या वाटेला जात नसे.

घरात ती आणि तिची आई. आईला दिसत नाही. तयार कपड्यांच्या कारखान्यात शिवण तपासायचं काम होतं तिचं, सुटलेला टाका लांबून दिसायचा म्हणे. मग ताईच्या आजच्याच वयाला आली तेव्हा टाके निसटायला लागले. तिने ते लपवलं. इतकं लपवलं की शेवटी मशीनच्या सुईखाली बोट गेलं तेव्हा घरी कळलं, आणि तोवर डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. दुखणं घराण्यातलं असू शकतं, असं तेव्हा डॉक्टर सहज बोलून गेले. सहज बोललेली वाक्यंच माणसाच्या मानगुटीवर बसतात. ताईच्या मानगुटीवर ते बसलेलं होतं.

तर एक दिवस एका गाडीतली वाघीण समोरून गेली आणि ताईचे ढीग जुळले नाहीत. नंबर होता 41723566. एक ढीग वीस, दुसरा चौदा, फरक सहा. ती पायऱ्या उतरून वाघिणीजवळ गेली, पुन्हा वाचला. तोच. इंग्रजी वळणाचे मोठे पांढरे आकडे, ठसठशीत, चुकायला जागा कुठे होती? ती परत खिडकीशी आली आणि सगळ्या अंकांशी झटापट केल्यावर तिच्या लक्षात आलं की पाचव्या घरातला 3 जर 8 असता, तर एक ढीग पंचवीस झाला असता, फरक अकरा, आणि नंबर जुळला असता. इंग्रजी तीन आणि आठ दिसायला सख्खे भाऊ. एकाची डावी बाजू उघडी, दुसऱ्याची बंद, एवढाच काय तो फरक.

 आपल्याला आठाची डावी बाजू दिसत नाहीये.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, नंबरच चुकीचा रंगवलाय. पण यार्डात इतकी वर्षं काढलेल्या माणसाच्या मनात हे येत नाही. तिथे सगळ्यांना पक्कं शिकवलेलं असतं की नंबर जुळला नाही तर चूक वाचणाऱ्याची. नंबर हा खराच असतो, अकरा काही खोटं बोलत नाही. ताईचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा अकरावर जास्त भरवसा होता. तिने मुकाट्याने तीनच्या जागी आठ घातला, आणि कॉम्प्युटरने तो निमूटपणे घेतला.

कुणाला विचारलंही नाही. विचारायचं तरी काय? "साहेब, हा तीन आहे की आठ?" असं नंबर उतरवणारीने यार्डमास्तरांना विचारलं की दुसऱ्या दिवशी डोळ्यांची तपासणी, आणि तपासणीत नापास झालं की खिडकी सुटलीच. पगाराचं एक वेळ बघता आलं असतं. पण तपासणीत जे कळलं असतं ते नंतर न कळल्यासारखं करता आलं नसतं. म्हणून ही बाई, जी दिवसभर दुसऱ्यांचे नंबर पारखते, ती स्वतःची पारख टाळत राहिली.

पुढे अधूनमधून अशा वाघिणी येतच राहिल्या. प्रत्येक वेळी कुठला तरी तीन, आणि तिथे आठ घातला की जुळणारा नंबर. घरी कॅलेंडरवरचे इंग्रजी आठ तिला स्वच्छ दिसत. मग तिने स्वतःची समजूत घातली की जवळचं दिसतंय, लांबचं गेलंय. वाघिणीपाशी जाऊन वाचलं तरी तीनच दिसतो, आणि बाकीच्या वाघिणींवरचे आठ खिडकीतूनही आठच दिसतात, हे सोयीस्कर विसरली. घाबरलेल्या माणसाचं डोकं चालत नाही, चाललं तर उलटं चालतं.

आणि तिने घरात सराव सुरू केला. डोळे मिटून मोरीपर्यंत जायचं, भिंतीवरून हात सरकवत परत यायचं. डोळे मिटून कुलूप लावायचं. कपात बोट धरून चहा ओतायचा, बोटाला लागला की थांबायचं. आई खिडकीपाशी रेडिओ लावून बसलेली असायची, तिला काय दिसणार, असा ताईचा हिशेब.

एका सकाळी बोटाला जरा जास्तच चटका बसला.

"भाजलं?" आई म्हणाली.

"नाही गं."

"मग फुंकर कशावर घालतेयस? चहावर? तो तर तू अजून ओततेच आहेस." आईने रेडिओ बंद केला. "हे बघ, भिंतीवरून हात सरकवत चालायचं मी शिकले तेव्हा तू शाळेत जात होतीस. तो आवाज दुसऱ्या कुणाला कळणार नाही, मला कळतो. किती दिवस चाललंय हे?"

ताईने चहा, कप, किटली सगळं ओट्यावर ठेवलं आणि आईसमोर बसून सगळं सांगून टाकलं. वाघीण, तीन, आठ, अकरा. सांगताना मध्येच रडू आलं, ते तिने नाक ओढून मागे ढकललं. आईच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.  मग तिने विचारलं ते मात्र कारखान्यातल्या तपासनीस बाईने विचारावं तसं.

"त्या नंबराला हात लावून बघितलंस?"

"हात लावून काय कळणार? रंगाने काढलेला असतो तो."

"मग हाताला कळेल असा कुठे नसतो का? आपल्या पाण्याच्या मीटरवर असतो तसा, लोखंडातच उठवलेला?"

ताई आईकडे बघतच राहिली. असतो की! प्रत्येक वाघिणीच्या सांगाड्याला, खाली चाकाच्या वरच्या कोपऱ्यात, लोखंडातच उठवलेला नंबर असतो. वाघीण जळली, गंजली, रंग उडाला तरी ओळख राहावी म्हणून. पण त्यावर ग्रीस आणि धूळ यांची अशी पुटं चढलेली असतात की तो आहे हेच लोक विसरलेले असतात. तीही विसरली होती.

"जा मग," आई म्हणाली. "आणि बोटाला आधी थंड पाणी लाव."

यार्डात त्या दिवशी नेमकी तसलीच एक वाघीण बाजूच्या रुळावर उभी होती. ताईने नंबर वाचला, ढीग लावले, जुळले नाहीत. नेहमीप्रमाणे एका तीनने घोळ घातला होता. ती चिंधी घेऊन वाकली, सांगाड्याचा कोपरा सापडला, ग्रीसच्या थरात बोट घातलं. डोळे मिटले. एकेक अंक चाचपत त्या घरापर्यंत आली. बोट वर एक गोल फिरलं, खाली एक गोल फिरलं, दोन्ही बंद. आठ.

 म्हणजे आठच आहे, आणि आपल्याला तीन दिसतोय.

तशीच थोडा वेळ ओणवी राहिली. मग केवळ हात चालू होता म्हणून तो कोपरा चिंधीने पुसत राहिली. पुसून लोखंड उघडं झालं, आणि तिने डोळे उघडले तर समोर आठ. लोखंडातला आठ, डावी बाजू, उजवी बाजू, सगळं जागच्या जागी. तिने मान वर केली. वर पांढरा तीन. खाली बघितलं, आठ. पुन्हा वर, तीन. तीन तीनच होता हो! वरचा तीन खरोखरच तीन होता, कुणीतरी आठाच्या जागी तीन रंगवून ठेवला होता, आणि तिचे बिचारे डोळे इतके दिवस इमानेइतबारे जे होतं तेच दाखवत होते.

तिचा जीव भांड्यात पडला. ती रुळाशेजारच्या खडीवर मांडी घालून बसली आणि एकटीच हसायला लागली. लांबून एक झेंडेवाला हाक मारत होता, "ताई, पडलात का?" ती त्याला हातानेच नाही नाही म्हणत राहिली. 

हसू ओसरल्यावर तिला रंगाचा वास आला. इतके दिवस तो येतच असणार, पण वास घ्यायची शुद्ध कुणाला होती? ताजा रंग म्हणजे वाघीण याच यार्डाच्या टोकाला असलेल्या दुरुस्तीच्या शेडमधून आलेली. ती उठली आणि तडक तिकडे गेली.

शेडमधला रंगारी म्हातारा, सगळ्यांचा काका. नंबर रंगवायचे पत्र्याचे साचे त्याच्या मागे खिळ्यांना ओळीने टांगलेले. ताईने आठाचा साचा काढून उजेडात धरला. डाव्या बाजूच्या दोन्ही फटी वाळलेल्या रंगाने बुजून गेल्या होत्या. साचा आठाचा, उमटत होता तीन.

"काका, हे काय आहे?"

काकाने साचा हातात घेतला, लांब धरला, मग नाकाशी आणला. "काय असायचंय? आठ आहे."

"आणि डावी बाजू?"

तो साचा वळवत राहिला. त्याच्या बोटांना ती बुजलेली फट लागली तेव्हा तो थांबला. ताई त्याच्याकडे बघत होती, आणि तिला एकदम सगळं कळलं. यार्डात डोळे खरोखरच कुणाचे तरी चालले होते. फक्त ते तिचे नव्हते.

"धुकं असल्यासारखं वाटतं हल्ली," काका खालच्या आवाजात म्हणाला. "वर्षच राहिलंय निवृत्तीला. म्हटलं, निभावून नेऊ. ताई, तुम्ही कुणाला..."

"काका, गप्प बसा," ताई म्हणाली. ती रागावून म्हणाली, पण राग त्याच्यावर नव्हता. "लपवायची अक्कल कुठून येते माणसाला, मला चांगलं माहितीये. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. तुम्ही माझ्याबरोबर चला. एकटीने जायची मलाही भीती वाटते."

यार्डमास्तरांना तिने सगळं सांगितलं, स्वतः अंदाजाने आठ घालत होती हेसुद्धा. ते कपाळाला हात लावून बसले.

"म्हणजे ताई, इतके दिवस तुम्ही चुकीचं वाचून बरोबर लिहीत होतात?"

"नाही साहेब. बरोबर वाचून बरोबरच लिहीत होते. चुकीचं समजत होते ते स्वतःबद्दल."

"मग नुकसान काहीच नाही," ते म्हणाले. त्यांनाही हायसं वाटलं होतं. "बाकीच्या वाघिणी कॉम्प्युटर पकडेल."

"सगळ्या नाही पकडणार," ताई म्हणाली. जिवावरचं ओझं उतरलं होतं, त्यामुळे डोकं पुन्हा धावायला लागलं होतं. "एखाद्या नंबरात दोन आठ असतील, एक या ढिगात, एक त्या ढिगात, तर? दोन्हींचे तीन झाले की दोन्ही ढीग पाचपाचने घटतील. फरक तोच राहील. कॉम्प्युटर खुशाल घेईल, मीही घेतला असेन."

शोधली तर तसली एकच वाघीण निघाली. लोखंडात 26815877, रंगात 26315377. ढीग आधी बावीस-बावीस, आता सतरा-सतरा. दोन्ही नंबर अकराने चोख भागले जाणारे, आणि त्यातला एक साफ खोटा. ही वाघीण ताईसमोरून एकदा गेली होती आणि तिला जराही शंका आली नव्हती. यार्डमास्तरांनी नंबर दुरुस्त करवून घेतला आणि काकाला सुट्टीचा अर्ज लिहून दिला, कारण विचारलं नाही. अर्जात कारणाच्या रकान्यात त्यांनीच 'घरगुती' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे तिघं गेली. आई मागे लागली होती, मी येणारच. घरी ताईने तिला वाघिणीचं सगळं सांगितलं होतं, तीन कसा तीनच होता ते दोनदोनदा, पण आई नुसतं हं हं करत राहिली होती. तीन रंगवलेला होता हे ठीक, पण म्हणून डोळे चांगले आहेत असं कुठे ठरलं, असं तिच्या मनात असणार. ते ती बोलली नाही, आणि ताईनेही तो विषय पुढे नेला नाही.

काकाची तपासणी लवकर आटोपली. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. छोटं ऑपरेशन, महिन्याभरात स्वच्छ दिसायला लागेल. काकाने तीनतीनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. एवढंसंच होतं, आणि आपण वर्षभर मरत होतो, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता.

ताईला मात्र वेळ लागला. डोळ्यांत औषध घातलं, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसवून ठेवलं, मग अंधारात दिव्याची तिरीप डोळ्यांत सोडून डॉक्टरीणबाई खूप वेळ बघत राहिल्या. आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होती. तिला आत येऊ द्यायचं नव्हतं, पण ती काठी आडवी धरून आत शिरली होती आणि कुणाची हिंमत झाली नव्हती.

"जवळचं वाचायला चष्मा लागेल," डॉक्टरीणबाई दिवा बंद करत म्हणाल्या. "या वयात सगळ्यांनाच लागतो."

"ते राहू द्या," आई म्हणाली. "माझ्यासारखं आहे का, ते सांगा."

डॉक्टरीणबाईंनी आईचे जुने कागद आधी बघितलेले होते. त्या उठून तिच्याजवळ गेल्या. "नाही आजी. तुमच्यासारखं काहीही नाही. मागचा पडदा उत्तम आहे. त्या दुखण्याचा मागमूसही नाही."

"नीट बघितलंत?"

"नीट बघितलं."

"पुन्हा एकदा सांगा."

"नाहीये आजी. तुमच्या मुलीला ते नाहीये."

आईने मान हलवली. आपले डोळे गेले तेव्हा तिने कुणासमोर टिपूस काढलं नव्हतं, नोकरी गेली तेव्हाही नाही, आणि आता त्या खुर्चीवर बसल्या बसल्या ती हमसून हमसून रडायला लागली. ताईच्या डोळ्यांत औषध होतं, तिला समोरचं सगळं पुसट दिसत होतं. ती चाचपडतच खुर्चीपाशी गेली.

"तू शाळेत होतीस तेव्हापासून घाबरत होते गं," आई म्हणत होती. "तू सुई ओवायला एक क्षण जास्त घेतलास तरी माझा जीव वरखाली व्हायचा. तुला दुसरं काही देता आलं नाही ते नाही, पण हे दिलं असेन तर कुठल्या तोंडाने तुझ्या घरात राहू, असं वाटायचं मला."

 ताईने आईचं डोकं पोटाशी धरलं. नर्स पुढच्या पेशंटला घेऊन दारात आली होती, तिला डॉक्टरीणबाईंनी खुणेनेच थांबायला सांगितलं. आईला पोटभर रडू दिलं त्यांनी, आणि मगच पुढच्या पेशंटला आत घेतलं.